नरडाण्याला गाडी हळू होते

आमच्या साडूंइतका माणसाच्या संयमाचा अंत पाहणारा दुसरा इसम तापीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सगळं जळगाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून मीही म्हणतो; नाहीतर माझ्या मनात त्यांच्यासाठी बरीच वेगळी नावं आहेत. उभी नोकरी त्यांनी मालगाडीचा गार्ड म्हणून काढली आणि मी धुळ्याला पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून. म्हणजे मी कागदावर रेघ मारायची आणि त्या रेघेवर लोकांनी पाट काढायचे. माझी रेघ अर्धा मिलिमीटर हलली तर तिकडं कुणाचं तरी शेत कोरडं राहतं, या धास्तीत मी जन्म काढला. अशा माणसाच्या नशिबी असा साडू यावा, हा निव्वळ ग्रहांचा खोडसाळपणा आहे.

नानांच्या जळगावच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे आणि त्या खोलीत एक रेल्वे आहे. प्लायवुडच्या तीन मोठ्या तुकड्यांवर जळगाव, पाळधी, धरणगाव, अमळनेर आणि नरडाणा अशी पाच स्टेशनं, मध्ये वळणं, एक पूल आणि सत्त्याऐंशी पटींनी लहान केलेली मालगाडी. "पस्तीस वरीस गाडीना शेपटाले बसनू, भाऊ," असं ते येईल त्याला सांगतात, "आते पुढे बसस." इथवर मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. रूळ त्यांनी टाकले, वायरी त्यांनी जोडल्या. स्टेशनं मात्र माझी. धरणगावच्या स्टेशनाची भिंत मी रजा टाकून, टेप लावून मोजली होती, तेव्हा एका पोलिसानं मला अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. छपराचे पत्रे मोजून तितकेच लावले. अमळनेरच्या फलाटावरच्या नळाला मी तोटी केली आहे, ती भिंगाशिवाय दिसत नाही. वर्षानुवर्षं दर शनिवारी धुळ्याहून एसटीनं पारोळा-एरंडोल करत मी हे करायला जात होतो. आणि दर शनिवारी त्या खोलीचं दार उघडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जात होती.

कारण नानांचा एक नियम होता. जो जिना चढून वर येईल, त्यानं खिशात असेल ती एखादी वस्तू त्या रेल्वेवर ठेवून जायची. कुठंही. "गाडी देखाले उना ना? मंग काहीतरी ठी जा. फुकट प्रवास नही." पैसे चालत नसत. बाकी काहीही चालत असे, आणि लोकांच्या खिशात काय काय असतं हे मला तिथं कळलं. खालच्या गॅरेजवाल्यानं जळका स्पार्कप्लग पाळधीच्या फलाटावर उभा केला. नाना त्याला दीपमाळ म्हणत. समोरच्या मारवाडी शेठजींनी दुकानातलं पन्नास ग्रॅमचं लोखंडी वजन जळगावच्या मालधक्क्यावर ठेवलं, आणि मी आठवडाभर खपून घातलेलं छप्पर बसलं. कुणी सुपारी ठेवली, ती डोंगर झाली. कुणी शर्टाची गुंडी ठेवली, ती विहीर झाली. चिप्सच्या पुडीत निघालेला हिरवा डायनासोर अमळनेरच्या सिग्नलखाली उभा राहिला. शेजारच्या मुलींचा गुलाबाईचा सण झाला की मातीच्या गुलाबाई आणि गुलोजी विसर्जनाला न जाता जोडीनं धरणगावच्या फलाटावर येऊन बसत. मी पट्टी लावली. पंधरा सेंटिमीटर गुणिले सत्त्याऐंशी. म्हणजे चार मजली गुलाबाई, त्रेचाळीस फूट, आणि तिच्या मांडीएवढं स्टेशन! मी हा हिशेब नानांपुढं ठेवला तर ते म्हणाले, "देवी शे ना, मंग मोठीच ऱ्हाई!" आणि कडेलोट म्हणजे, त्यांच्या रेल्वेतल्या एका जुन्या पॉइंट्समन दोस्ताच्या खिशात त्या दिवशी डॉक्टरकडून नुकतीच काढून आणलेली अक्कलदाढ होती. ती पुलाशेजारी खडक म्हणून बसली. मी त्या बाजूला बसून चहा पिणं सोडलं.

वांग्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. बामणोदकडचे एक पाहुणे भरताची वांगी पिशवीत घेऊन आले, नियमाप्रमाणे वर गेले आणि खिशात काही सापडेना म्हणून एक वांगं अमळनेरच्या यार्डात आडवं ठेवून आले. सत्तावन्न फुटांचं वांगं. पहिल्या शनिवारी ते चकचकीत होतं, दुसऱ्या शनिवारी सुरकुतलं, तिसऱ्या शनिवारी त्याच्यातून यार्डात पाणी आलं. "नाना, हे काढा," मी ओरडलो. नाना शांतपणे म्हणाले, "प्रवासी अजून उतरेल नही, भाऊ. त्याले उतारी देवाना नही." शेवटी अक्का, म्हणजे माझी मेहुणी आणि त्या घरातली एकमेव शहाणी व्यक्ती, केरसुणी घेऊन वर आल्या आणि वांग्यासकट आम्हा दोघांनाही बाहेर काढलं. "तुम्हा दोन्हीसले एकच खोलीमा कोंडी ठेवाले पाहिजे," त्या म्हणाल्या. गंमत म्हणजे या सगळ्या प्रकरणात दोष माझ्याकडे काय होता ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार डाचायची. मी त्या गाडीचं वेळापत्रक करून दिलं होतं. जळगाव ते नरडाणा बरोबर एक मिनिट चाळीस सेकंद. गाडी अमळनेरपर्यंत सुतासारखी सरळ यायची आणि नरडाण्याच्या अलीकडच्या वळणावर नाना बटण फिरवून ती हळू करायचे. इतकी हळू की चाकं मोजावीत. दर फेरीला, न चुकता, दहा-बारा सेकंदांचं नुकसान. रुळात दोष नव्हता, मी स्वतः तपासला होता. विचारलं तर म्हणत, "तठे कॉशन शे." आता कॉशन म्हणजे काय हे मलाही त्यांच्या संगतीत कळलं होतं: रुळाचं काम चालू असेल, कुठं पूल कच्चा असेल तर तिथं गाडी सावकाश न्या, असा रेल्वेचा लेखी हुकूम. मी म्हटलं, "कुणी काढला हा हुकूम? कधी उठणार?" "शे एक जुनी," एवढंच बोलून ते मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या हसण्यानं माझं रक्त खवळायचं.

मी स्वतः त्या रेल्वेवर एकही भलती वस्तू ठेवलेली नाही, याचा मला अभिमान होता, आणि तो मी वेळोवेळी बोलून दाखवत असे. एका दसऱ्याला मात्र माझा संयम संपला. मी रीतसर नकाशा काढला. ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत, अख्खी रेल्वे मापात, आणि तिच्यावरच्या एकेचाळीस बेकायदा वस्तू आकडे घालून. खाली तक्ता: वस्तूचं नाव, प्रत्यक्ष उंची, सत्त्याऐंशी पटीनं होणारी उंची, दोन्ही रुळांपासूनचं अंतर, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकीपुढं ‘तातडीने हटवावे’. वर ठळक अक्षरात ‘दोषदर्शक नकाशा’. एकोणतिसाव्या नंबराला, नरडाण्याच्या वळणावर रुळाला अगदी खेटून असलेल्या एका पितळी पिनेला, मी लाल शाईत लिहिलं होतं, ‘टोक वर. धोकादायक.’ मूळ ट्रेसिंग स्वतःकडे ठेवून मी प्रत रजिस्टर पोस्टानं पाठवली, तोंडी बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता म्हणून. पुढच्या शनिवारी जाऊन पाहतो तर नकाशाला काचेची फ्रेम! दाराच्या वर, झेंडूच्या माळेसकट! "काय झकास काढेल शे, भाऊ! एकबी सुटनं नही. दाढबी शे!" नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला तो नकाशा दाखवत होते आणि लोक आपापली वस्तू त्यात शोधून खूश होत होते. मी पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते ऐकलं होतं. इथं घडाच उलटा माझ्या डोक्यावर बसला होता.

मग मी जे केलं ते रागात केलं, पण अविचारानं केलं असं म्हणता येणार नाही. तेच वाईट आहे. धुळ्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये छांदिष्टांचं प्रदर्शन होतं. लहान आगगाड्या, जहाजं, विमानं. परीक्षक नाशिकचे. मी नानांच्या नावानं फॉर्म भरला. खरं सांगायचं तर स्वतःसाठी भरला. आयुष्यभर मी काढलेले नकाशे साहेबांच्या सहीनं गेले आणि कपाटात पडले. एकदा तरी कुणी माझी रेघ पाहून ‘वा’ म्हणावं एवढीच इच्छा होती. नाना आनंदानं तयार झाले. तिन्ही तुकडे टेम्पोतून धुळ्याला आले. नाना साक्रीला एका लग्नाला जाऊन परस्पर हॉलवर येणार होते. ते यायच्या आत मी चिमटा घेतला, बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला आणि गुलाबाईपासून दाढेपर्यंत एकूण एक वस्तू उचलून डब्यात भरली. मालधक्क्याचं छप्पर नवं घातलं. रुळांवरून मऊ ब्रश फिरवला. आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी माझी स्टेशनं पाहिली.

नाना आले. लग्नाची टोपी डोक्यावर, हातात लाडवाची पुडी. टेबलापाशी उभं राहून त्यांनी जळगावपासून नरडाण्यापर्यंत एकदा पाहिलं, परत उलट पाहिलं. मग मला विचारलं, "बठ्ठा कोठे गयात?"

"कोण?"

"प्रवासी."

"डब्यात आहेत," मी म्हणालो. "सुरक्षित आहेत."

ते भांडतील म्हणून मी तयारी करून ठेवली होती. माझ्याकडे मुद्दे होते. पण त्यांनी टोपी काढली, पुडी टेबलाखाली ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसले. दिवसभर माणसं येत होती, "छान आहे", "स्वच्छ आहे" म्हणत होती आणि पुढच्या टेबलाकडं जात होती. जळगावला त्या खोलीत शिरलेला माणूस तासभर हलत नसे, कुणाची दाढ, कुणाचं वजन करत. इथं कुणी पाच मिनिटं थांबलं नाही. परीक्षक मात्र थांबले. त्यांनी भिंग लावून नळाची तोटी पाहिली आणि ‘वा’ म्हणाले. ‘अचूक कारागिरी’ असं प्रमाणपत्र मिळालं. नानांनी ते घेतलं आणि तसंच माझ्या हातात दिलं. "हाई तुमनं शे, भाऊ," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला किती बरं वाटलं असतं!

रेल्वे जळगावला परत गेली. मी पुढच्या शनिवारी गेलो तर खोलीला कुलूप. नाना खाली सोफ्यावर. चहा आला, कापसाचं बोलणं झालं, उन्हाचं झालं. "वर जायचं का?" मी म्हटलं. "राहू द्या. चांगलं दिसस तसं," ते म्हणाले. पुढचा शनिवार तसाच, त्याच्या पुढचाही. शेठजी येईनासे झाले, गॅरेजवाला येईनासा झाला. वर जायचंच नाही तर कशाला येतील? मी डबा परत द्यायला नेला तर नानांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं. "कोन कोठे व्हतं, मले याद नही आते," ते म्हणाले. फ्रेमही वर खोलीतच कुलपाआड होती. मी तो डबा तसाच धुळ्याला घेऊन आलो. एसटीत तो मांडीवर खडखडत होता आणि शेजारचा माणूस सारखा पाहत होता.

मग एका मंगळवारी सकाळी अक्कांचा फोन आला. त्या फोनवर कधी हळू बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. "भाऊ, हाऊ मानूस दिनभर सोफावर बशी ऱ्हास. टीव्हीबी देखत नही. डॉक्टर म्हने, काहीच नही व्हयेल. तुम्ही काय करी ठेवं हाई?" मी अक्कांवरच चिडलो, म्हटलं, मी काय केलं, मी फक्त साफसफाई केली. त्यांनी फोन ठेवला. मी अर्धा तास घरात येरझाऱ्या घातल्या. मला त्या माणसाचा राग आला होता, की अक्कलदाढेसाठी कुणी असं आजारी पडतं का! आणि त्याहून जास्त राग कुणाचा आला होता ते मला माहीत होतं. मी कपाटातून मूळ ट्रेसिंग काढलं, डबा घेतला, पट्टी, डिव्हायडर, चिमटा आणि डिंक घेतला आणि मंगळवार असून जळगावची गाडी पकडली.

अक्कांनी किल्ली दिली. नाना पेंगत होते. मी वर गेलो, ट्रेसिंग भिंतीला चिकटवलं आणि कामाला लागलो. नंबर एक, लोखंडी वजन, मालधक्का, डाव्या कोपऱ्यापासून बारा मिलिमीटर. छप्पर बसलं. बसू दे. नंबर दोन, स्पार्कप्लग. दाढ चिमट्यात धरून, मान फिरवून, श्वास रोखून मी पुलाशेजारी ठेवली, आणि अंतर चुकलं म्हणून पुन्हा उचलून पुन्हा ठेवली. गुलोजीचा हात प्रवासात मोडला होता, तो चिकटवला. डायनासोरचं तोंड पूर्वेला होतं. मी नकाशात बाण काढून ठेवला होता. ज्या माणसाला या वस्तू हटवायच्या होत्या त्याच्याइतकी त्यांची चोख नोंद जगात कुणाकडेच नव्हती, आणि हे लक्षात आल्यावर मी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. वीस, पंचवीस, अठ्ठावीस. एकोणतीस, पितळी पीन. इथं मात्र माझा स्वभाव आड आला. सगळं परत ठेवतोय ना, मग निदान ही एक तरी नीट ठेवू, म्हणून मी ती टोक खाली करून फळीत दाबून टाकली.

एकेचाळीस पुरे झाले तेव्हा मागं दारात नाना उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी चष्मा पुसला, स्टुलावर बसले आणि बटण फिरवलं. गाडी जळगावहून निघाली. वजनापाशी, दीपमाळेपाशी, दाढेपाशी ते प्रत्येकाकडं जरा मान झुकवून बघत होते, गार्ड स्टेशनाकडं बघतो तसे. धरणगावला गुलाबाईच्या पायांशी गाडी मुंगीएवढी दिसली आणि नाना हसले. अमळनेर गेलं. नरडाण्याच्या वळणावर सवयीनं गाडी हळू झाली, आणि ते थांबले. वाकले. नखानं ती पीन फळीतून उपटली.

"हाई उलटी शे," ते म्हणाले, आणि टोक वर करून तिला होती तिथं ठेवली.

माझा बांध फुटला. "नाना, अहो, त्या वळणावर डबा घासतो तिला! जोरात गेली तर गाडी उलटेल! मी लाल शाईत लिहिलंय!"

"घासस ना. उलटनीबी शे, दोन डाव."

"मग कशाला ठेवता ती?"

"तुमनी शे ती."

मला कळेना. मी म्हणालो, मी आजवर इथं काही ठेवलेलं नाही, हे मी शंभरदा सांगितलंय. नाना गाडीकडं बघत बोलत होते. "पहिला डाव उनात ना तुम्ही, लगीन व्हवानंतर? तव तीन फूट रूळ व्हतात नि नरडाणा एकटं. तुम्ही म्हनात, फलाट आखूड शे. मी म्हनं, काहीतरी ठी जा. तुम्हले राग उना. खिसामाईन हाई काढी नि फेकी. टोक वर करीसन पडनी. मी तशीच ऱ्हाऊ दिधी."

आणि मला आठवलं. नवा जावई, ऑफिसातून थेट आलेला, शर्टाच्या खिशात नकाशा ठोकायच्या पितळी पिना. फलाट खरंच आखूड होता. मी त्या पिनांत आयुष्य काढलं आणि माझीच पीन मला ओळखता आली नाही. ओळखली ती एवढीच की धोकादायक आहे. "मग बाजूला तरी सरकवायची," मी म्हणालो. "कसाले?" नाना म्हणाले. "तठे धीरे जावानी सवय लागी गई." आणि त्यांनी बटण फिरवलं. एकोणतीस नंबरच्या बाजूनं गाडी चाकं मोजत, अंग चोरून गेली आणि नरडाण्याला लागली.

आता नानांचे गुडघे पार गेले आहेत. जिना चढवत नाही. ते खाली सोफ्यावर बसतात, दार उघडं ठेवतात, आणि गाडी मी चालवतो. शेठजी येतात, गॅरेजवाला येतो, त्यांचे पाहुणे येतात आणि खिशातलं काहीबाही ठेवून माझं डोकं फिरवून जातात. परवा एकानं हिअरिंग एडचा सेल ठेवला. नकाशा आता त्रेपन्नपर्यंत गेला आहे. नवी वस्तू आली की मी शिव्या देत आकडा घालतो. कधीकधी रागाच्या भरात अमळनेर सोडल्यावर माझा हात सैल पडत नाही आणि गाडी तशीच वळणाला लागते. खाली त्यांना रुळांच्या आवाजावरून सगळं कळतं. लगेच जिन्यातून हाक येते, "भाऊ, कॉशन!"

मी मोठ्यानं म्हणतो, "माहीत आहे मला." आणि हळू करतो.